पुन्हा डाउनलोड करायची गरज नाही

कॉम्प्युटरवर गेमसाठी जागा करण्याबद्दलच्या लेखात म्हटलंय की सी ड्राइव्ह भरला तर गेम अनइन्स्टॉल करून दुसऱ्या ड्राइव्हवर नव्याने डाउनलोड करा. शंभर जीबी पुन्हा? कोथरूडला आमच्या सोसायटीत संध्याकाळी नेटचा वेग बघता दोन दिवस जातील.

विंडोजमध्ये जंक्शन नावाची सोय, म्हणजे फोल्डरच्या जुन्या पत्त्यावरून नव्या जागी नेणारा दुवा, २००० सालच्या आवृत्तीपासून आहे. मी तपकीर गल्लीतून १ टीबीची एसएसडी ड्राइव्ह आणली, गेम आणि लाँचर (ज्यातून गेम डाउनलोड आणि सुरू करतो ते अ‍ॅप) पूर्ण बंद केले आणि फोल्डर नव्या ड्राइव्हवर कॉपी केलं. जुनं फोल्डर लगेच पुसलं नाही, फक्त त्याचं नाव बदललं. मग कमांड प्रॉम्प्टमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) लिहिलं: 'एमकेलिंक', स्लॅश जे, आधी फोल्डरचा जुना पत्ता, मग नवा. पत्त्यात मोकळी जागा असेल तर अवतरणचिन्हं हवीतच. गेमला वाटतं आपण होतो तिथेच आहोत. तो नीट चालल्यावरच जुनं फोल्डर काढलं.

एक कळकळीची विनंती: जंक्शनच्या आत जाऊन फाइली पुसू नका, त्या खऱ्याच फाइली असतात. माझ्या मावसभावाचे दोन वर्षांचे सेव्ह (गेममधली साठवलेली प्रगती) असेच गेले. फक्त दुवा काढायचा तर 'आरएमडीआयआर' वापरा, पण त्यापुढे स्लॅश एस लावू नका. आणि एक्स्टर्नल ड्राइव्ह असेल तर त्याचं अक्षर कायमचं ठरवून ठेवा, ते बदललं की दुवा तुटतो.

स्टीम हा लाँचर वापरणाऱ्यांना हे लागणारच नाही, त्यात गेम हलवायची सोय आहे. पण ज्या लाँचरमध्ये ती नाही, त्यांच्यासाठी लेखात ही पद्धत यायलाच हवी होती.