'गोऱ्या मालकाची आरती' : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

अमेरिकन बेसबॉलच्या प्रमुख लीग कृष्णवर्णीयांना बंद होत्या, तेव्हा जॅकी रॉबिन्सनला संघात घेणारा ब्रुकलिन डॉजर्स क्लबचा गोरा प्रमुख म्हणजे ब्रँच रिकी. या दोघांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, 'रॉबिन्सन स्वतःच्या गुणांवर खेळला. रिकीला तिकिटं विकायची होती. गोऱ्या मालकाची आरती ओवाळणं थांबवा.' मतभेदाला माझी ना नाही. पण ही भाषा कशासाठी? एवढा लेख वाचून हेच सुचावं, याचं खरंच वाईट वाटलं.

एक मान्य. रॉबिन्सनला घेताना रिकीने त्याच्या आधीच्या कृष्णवर्णीय संघाला, कॅन्सस सिटी मोनार्क्सला, छदामही दिला नाही, हे तुमचं म्हणणं खरं आहे.

आता 'स्वतःच्या गुणांवर'. १६ एप्रिल १९४५ ला बोस्टनच्या फेनवे पार्क मैदानावर तिथल्या रेड सॉक्स क्लबने रॉबिन्सन, सॅम जेथ्रो आणि मार्विन विल्यम्स या तीन कृष्णवर्णीय खेळाडूंची चाचणी घेतली. रॉबिन्सनने उत्तम फटके मारले. तिघांपैकी एकालाही करार मिळाला नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रिकीने रॉबिन्सनला ब्रुकलिनला बोलावून घेतलं. चार महिन्यांत त्याचे गुण वाढले होते का? समोर बसलेला माणूस वेगळा होता, इतकंच. रेड सॉक्सकडून पहिला कृष्णवर्णीय खेळाडू उतरला तो थेट १९५९ साली, रॉबिन्सन निवृत्त झाल्यावर!

आणि १९४७ च्या सराव दौऱ्यात डॉजर्सचेच काही खेळाडू त्याच्याविरुद्ध अर्ज करायला निघाले, तेव्हा पनामात त्यांना रात्री झोपेतून उठवून खडसावणारा त्यांचा व्यवस्थापक लिओ डूरोशरच होता. तिथे रॉबिन्सनचे गुण काय करणार होते?

हे मी पुस्तकं वाचून बोलत नाही. आमच्या गावच्या कबड्डी मंडळात चढाईला माझ्या तोडीचं कुणी नव्हतं, हे विरोधी संघही सांगायचे. तरी वस्तीतला पोरगा म्हणून मी राखीवच. सामना संपला की चटया गुंडाळायला मात्र माझं नाव आधी. नवे प्रशिक्षक आले, त्यांनी मंडळाच्या अध्यक्षांना तोंडावर सांगितलं, 'हा खेळणार नसेल तर संघ तुम्हीच घेऊन जा.' त्या तालुका सामन्यात मी पहिल्यांदा मैदानात उतरलो. त्यांच्याविषयी कृतज्ञता बाळगणं तुम्हाला आरती वाटत असेल, तर तुम्ही कधी रांगेबाहेर उभे राहिलेले नाही.

तिकिटांचं म्हणाल, तर तेव्हा बेसबॉलच्या दोन्ही प्रमुख लीग मिळून १६ क्लब होते. तिकिटं सगळ्यांनाच विकायची होती. मग पहिलं पाऊल एकानेच का उचललं?

रिकीच्या राजकीय मतांवर तुम्ही जे लिहिलंय, तो माझ्या लेखाचा विषय नाही. पुन्हा लिहाल तेव्हा फेनवे पार्कबद्दल लिहा.