न आलेल्या मासळीचा पंचनामा

यंदाही ऐन हंगामात बंदरावर वादळाचा बावटा चढला आणि तुमची होडी खाडीत डुलत राहिली? मग रडगाणं थांबवा आणि नुकसान नीट करून घ्यायला शिका.

पहिली गोष्ट, होडी फुटली पाहिजे. २०१९च्या ऑक्टोबरअखेर ‘क्यार’ चक्रीवादळ आलं, ते जातंय न जातंय तोच ‘महा’ दारात. अशा वेळी वायरलेस ऐकून मुकाट माघारी फिरणारा नाखवा कागदावर सुखरूप असतो, आणि सुखरूप माणसाला कसली आली भरपाई? डिझेल जळलं, बर्फाचं पाणी झालं, खलाशांची उचल अंगावर बसली, सगळं कबूल. पण फोटो कुठाय? त्या वादळांसाठी पुढे विशेष पॅकेज निघालं हे खरं. म्हणून त्याची सवय लावून घेऊ नका.

बोंबलाच्या बाबतीत तर चूक सरळसरळ तुमचीच. जबड्यात जबडा अडकवून जोडीजोडीनं वलांडीवर, म्हणजे वाळवणाच्या आडव्या बांबूंवर, टांगलेला बोंबील दोन-तीन दिवस ऊन-वारा मागतो. डिसेंबरात रात्री एक सर येते. सकाळी बोट लावलं की पाणी सुटतं आणि वासावरूनच कळतं, आता हा खताला. म्हातारी तरी एकेक जोडी सोडवते, हाताच्या सवयीनं टोपलीत नीट रचते, आणि टोपली भरल्यावर उपडी करते. आता सांगा, बोंबील हवेत टांगायला कुणी सांगितलं होतं? जमिनीत पेरला असता तर सातबाऱ्यावर पीकपाहणी तरी लागली असती.

वादळांनाही जरा शिस्त लावा. वर्षानुवर्षं तुम्ही १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी पाळता. या ६१ दिवसांतच काय ते उरकून घ्या, असं त्यांना कळवा. २०२१ साली ‘तौक्ते’ मे महिन्यात आलं, आगोटीच्या तोंडावर, सुकं भरून ठेवायच्या दिवसांत! अरबी समुद्र तापलाय, म्हणून तिथं वादळं वाढलीत, असं शास्त्रज्ञ सांगतात. मासेही गार पाण्याच्या शोधात सरकतात म्हणे. मासळी कमी का झाली असं कुणी विचारलंच, तर हेच सांगा. पर्ससीनची भली मोठी जाळी टाकणाऱ्यांची आणि एलईडीच्या झोतानं मासे गोळा करणाऱ्यांची नावं उगाच मध्ये आणू नका, ऊन काही उलटून बोलत नाही. पापलेटाचं म्हणाल, तर २०२३ साली त्याला राज्यमासा केलं. पद मिळाल्यावर कोण मतदारसंघात फिरकतं?

अर्ज मात्र व्यवस्थित भरा. नुकसानीच्या रकान्यात ‘मासे आले नाहीत’ असं मोघम चालणार नाही. कोणते आले नाहीत, किती आले नाहीत, नग की किलो, हे आकडी आणि अक्षरी लिहा. खाली दोन साक्षीदारांच्या सह्या लागतील. हे दोघे त्या दिवशी समुद्रात हजर असावेत.