‘शहरं जाळणाऱ्या विमानाचे गोडवे कशाला?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. इंग्लंडमधल्या ईस्ट कर्कबीला जपलेल्या लँकेस्टर या दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश बॉम्बर विमानावरचा माझा लेख वाचून तुम्ही लिहिलंत : ‘इंजिनाच्या आवाजावर तीन परिच्छेद, आणि खाली जळून मेलेल्यांवर एक ओळ नाही. त्याच १९४३ साली बंगालात लोक भुकेनं मरत होते. साहेबाच्या विमानांचे गोडवे आपण कशाला गायचे?’

पहिला मुद्दा बिनशर्त मान्य. लेख पुन्हा काढून वाचला. चार मर्लिन इंजिनं एकेक करून कशी धडधडायला लागतात हे रंगवण्यात मी इतका रमलो की अशा विमानांनी जाळलेल्या जर्मनीतल्या हॅम्बर्गचं नाव घ्यायचंही राहून गेलं. जुलै १९४३ मध्ये तिथे ३५ हजारांहून जास्त माणसं गेली. कितीतरी जण तळघरातल्या निवाऱ्यांत, हवा संपून. तसंच जाळलेल्या ड्रेस्डेनचा आकडा त्या शहरानंच नेमलेल्या इतिहासकारांनी २५ हजारांपर्यंत धरलाय. हे लेखात यायलाच हवं होतं.

‘गोडवे’ हा शब्द मात्र लागला. तुम्ही ज्या विमानावर चिडलात ते १९४५ मध्ये तयार झालं आणि त्यानं युद्धात एकही बॉम्ब टाकलेला नाही. (ही वकिली पळवाट झाली, मला कळतं.) ते जपणारे पँटन बंधू लिंकनशरचे शेतकरी. त्यांचा थोरला भाऊ ख्रिस्तोफर हॅलिफॅक्स जातीच्या बॉम्बर विमानात फ्लाइट इंजिनियर होता. ३० मार्च १९४४ च्या रात्री जर्मनीतल्या न्यूरेंबर्गवर बॉम्बफेकीला गेला तो परत आलाच नाही. त्या एका रात्रीत ९५ विमानं पडली. पुढे या भावांनी जुन्या धावपट्टीची जागा घेतली आणि १९८३ मध्ये हे विमान विकत घेतलं. घरातल्या एका पोराची आठवण ठेवायला अख्खं बॉम्बर विमान! त्याला गोडवे म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

त्या पोरांचा हिशेब तरी बघा. बॉम्बर कमांडमध्ये, म्हणजे ब्रिटिश हवाई दलाच्या बॉम्बफेकी विभागात, सुमारे सव्वा लाख जण उडाले, ५५,५७३ मेले. म्हणजे शंभरातले चव्वेचाळीस. सगळे स्वतःहून आलेले, सरासरी वय बाविसाच्या आसपास. तीस मोहिमा झाल्या की नेमणूक संपायची. मध्येच कुणाची छाती दडपली तर त्याच्या कागदावर ‘नैतिक धैर्याचा अभाव’ असा शेरा. आणि ज्यांनी पाठवलं ते? ड्रेस्डेननंतर महिना-दीड महिन्यात पंतप्रधान चर्चिलनं स्वतःच्याच सेनाधिकाऱ्यांना चिठ्ठी लिहून केवळ दहशतीसाठी होणाऱ्या बॉम्बफेकीबद्दल प्रश्न विचारला, जणू आपला काही संबंधच नव्हता. बंगालच्या बाबतीत या गृहस्थाविषयी तुमचं जे मत आहे तेच माझंही. पण म्हणूनच मला वाटतं, हिशेब मागायचा तो त्याच्याकडे. विमानाच्या शेपटीत थंडीनं गोठत बसलेल्या एकोणीस वर्षांच्या गनरकडे नाही.

जपणुकीत खोट नाही असं मी म्हणत नाही. ईस्ट कर्कबीला पैसे भरून त्या विमानात बसून धावपट्टीवर फेरी मारता येते. बाहेर विकायला कप, टोप्या, चहा-केक. जत्राच असते. तिथे तुमची प्रतिक्रिया कुणीतरी मोठ्यानं वाचून दाखवायला हवी. लिंकनजवळचं बॉम्बर कमांड सेंटर मला जास्त पटतं. भिंतींवर जवळजवळ ५८ हजार नावं, हुद्द्यांशिवाय; आणि त्यांच्या संग्रहात बॉम्ब पडले तेव्हा खाली असलेल्यांच्या आठवणीही आहेत. लंडनच्या ग्रीन पार्कमधल्या २०१२ च्या स्मारकावरही सर्व देशांतल्या बॉम्बबळींचा उल्लेख कोरलाय. एकच ओळ आहे, पण माझ्या लेखात तेवढीही नव्हती.

आता ‘साहेबाची विमानं’. त्यांत शैलेंद्र एकनाथ सुकथनकर हे नॅव्हिगेटर होते, लँकेस्टरमधून पाथफाइंडर मोहिमांवर, म्हणजे पुढे जाऊन मागच्या विमानांना लक्ष्य दाखवून द्यायच्या कामावर, जाणारे. डीएफसी हे शौर्यपदक मिळालेले. नाव तुम्ही ऐकलं नसेल. मीही इंग्लंडला येईपर्यंत ऐकलं नव्हतं.

आणि लिबरेटर! युद्ध संपल्यावर कानपूरला मोडतोड करून भंगारात टाकलेली ही अमेरिकी बॉम्बर विमानं बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टनं दुरुस्त करून पुन्हा उडवली. आपल्या हवाई दलानं ती १९६८ पर्यंत वापरली, शेवटी समुद्रावरच्या टेहळणीसाठी, पुण्याच्या लोहगावहून. जगभर बहुतेक लिबरेटर केव्हाच वितळवली गेली होती. म्हणून आज इंग्लंडच्या रॉयल एअर फोर्स म्युझियममध्ये किंवा ॲरिझोनातल्या पिमा म्युझियममध्ये जे लिबरेटर दिसतं, ते आपल्याकडून गेलेलं आहे. इंग्लंडमधल्या त्या विमानापाशी मी बराच वेळ उभा होतो. गोऱ्या आजोबांची गर्दी होती. आपल्याकडे ही विमानं कुणी उडवली, इंजिनं कुणी उघडली, सुटे भाग कुठून पैदा केले, हे विचारणारं कुणी नव्हतं.

मूळ लेखात हॅम्बर्गवरचा परिच्छेद आज रात्री घालतो, तुमच्या आक्षेपाचा उल्लेख करून. तुम्ही पुण्याचे, असं आधीच्या एका प्रतिक्रियेवरून आठवतंय. हवाई दलाच्या सहा नंबरच्या स्क्वाड्रनमध्ये (तुकडीत), लोहगावला, लिबरेटरवर काम केलेलं कुणी तुमच्या माहितीत असेल, वैमानिक, फिटर, कुणीही, तर जरूर कळवा. सुट्टीत येईन तेव्हा जाऊन भेटेन.