उचंत

रविवारी सोसायटीच्या सभेत चाळीस माणसांसमोर मी चोर ठरता ठरता राहिलो. रक्कम २७० रुपये. चोर ठरवायचंच तर आकडा तरी इभ्रतीचा हवा होता.

मी खजिनदार कसा झालो? ज्या सभेत निवड झाली तिला मी गेलो नव्हतो, एवढं पुरे.

तर वर्षअखेरी तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या नावे (डेबिट) आणि जमा (क्रेडिट) बाजूंच्या बेरजांचा तक्ता, जुळेना. नावे बाजू २७० रुपयांनी जड. तीन रात्री डोळे फोडले, मग अकरावी कॉमर्सला शिकलेला शेवटचा उपाय केला: 'उचंत खाते, जमा २७०' असं लिहून बेरजा सारख्या केल्या आणि झोपलो. चूक सापडेपर्यंत फरक तिथे ठेवतात. लबाडी नाही ती.

सभेत दोनशे चारचे काका उठले. एका हातात मी पाठवलेलं बिल: मागील बाकी २७०, त्यावर २१ टक्क्यांनी महिन्याचं व्याज ४ रुपये ७३ पैसे. दुसऱ्या हातात प्लास्टिकच्या पिशवीतलं पासबुक.

"मी २,७४५ चा चेक दिला. हे बघा, नावे २,७४५. आता तुमच्या वहीत बँकेच्या रकान्यात काय लिहिलंय?"

"नावे २,७४५."

काका सभेकडे वळले. "माझ्याकडे नावे, यांच्याकडेही नावे. मग जमा कोणाकडे झाले?"

मी समजावायला गेलो, ही माझी दुसरी चूक. "काका, तुमची ठेव म्हणजे बँकेचं देणं. ते कमी झालं, म्हणून तिने नावे लिहिलं. आमच्या बँक खात्यातला पैसा ही आमची मालमत्ता. ती वाढली, म्हणून आम्हीही नावे लिहिलं."

"म्हणजे कमी झालं तरी नावे, वाढलं तरी नावे?"

"हो."

"दोघांपैकी एक खोटं बोलतोय."

"दोघंही खरं बोलतायत, काका."

"मग माझे २७० कुठायत?"

मागून कोणीतरी चहा आधी की नंतर ते विचारलं. तेवढ्यात काकांनी माझा ताळेबंद उलटा करून त्यातली ती ओळ शोधली. "आणि हे उचंत काय? नेमके २७०! उचंत म्हणजे उचलले ते!"

हॉल हसला. अध्यक्षही हसले. जन्मभर बँकेत नोकरी केलेला माणूस, त्याला जमा-नावे कळत नाही? पण एक शब्द बोलला नाही. काकांनी २७५ रुपये टेबलावर आपटले आणि वरचे २७ पैसे परत मागितले.

१४९४ साली व्हेनिसमध्ये लुका पाचोली नावाच्या फ्रान्सिस्कन साधूने ही दुहेरी नोंद पद्धत, म्हणजे प्रत्येक व्यवहार एका खात्यात नावे आणि दुसऱ्यात जमा लिहायची रीत, पहिल्यांदा छापली. शोध त्याचा नव्हे, तिथले व्यापारी आधीपासून तशाच वह्या लिहीत. साधूला जमलं, कारण मठात राहायचा. मेंटेनन्स नाही, दोनशे चार नाही.

त्या रात्री उशिरा आठवलं: फरकाला नऊने भाग गेला, तर आकड्यांची अदलाबदल झालेली असू शकते. २७० भागिले ९, बरोबर ३०. पाच मिनिटांत सापडलं. रोकडवहीत २,७४५, काकांच्या खात्यात २,४७५. अक्षर माझंच. म्हणजे काका बरोबर होते, आणि मला जास्त राग त्याचाच आहे.

नोंद केली: उचंत खाते नावे, काकांचं खाते जमा. व्याज उलटवलं. मंगळवारी पैसे घेऊन त्यांच्या दारात. काकांनी २७४ रुपये ७३ पैशांचा हिशोब दोनदा वाचला.

"दोन दिवस माझे पैसे तुमच्याकडे होते. तुमच्याच दराने व्याज ३२ पैसे. रविवारचे २७ वेगळे."

मी एक रुपयाचं नाणं पुढे केलं.

"वरचे ४१ पैसे कुठे लिहिणार?" काका म्हणाले. "उचंत?"