पंढरपूरला निघालाय? आधी ओळख काढून ठेवा

परवा आईला घेऊन पंढरपूरला जाऊन आले. आषाढी नाही, कार्तिकी नाही, साधी एकादशीसुद्धा नाही, नाताळच्या सुट्टीतला शनिवार फक्त. आईचं वय 76, एक गुडघा बदललेला, आणि हट्ट असा की पायावर डोकं ठेवायचं म्हणजे ठेवायचं, मुखदर्शन नको. सव्वापाच तास बारीत उभ्या होतो आम्ही. एवढ्या वेळात माणूस एकतर नामस्मरण करतो नाहीतर आजूबाजूला बघतो. आई नामस्मरण करत होती. मी बघत होते. त्यातून जे काही शिकायला मिळालं ते तुमच्या कामी यावं म्हणून लिहितेय, पुढच्या जोडून सुट्टीला तुम्ही जाणारच आहात, मला माहितीय.

तर आधी गाडी. पुण्याहून सोलापूर रोडने टेंभुर्णीपर्यंत सुसाट यायचं आणि तिथून आत वळायचं. गाडी सात सीटची असावी आणि आत अकरा जण. गावात शिरल्यावर बाहेरच्या पार्किंगचे बोर्ड दिसतील, ते आपल्यासाठी नसतात. गाडी लांब लावून चालत येणं हे वारकऱ्यांचं काम, ते आळंदीपासून अडीचशे किलोमीटर चालतात, त्यांना सवय असते. आपल्याला अर्धा किलोमीटर झेपत नाही. त्यामुळे सरळ गल्लीत घुसा, समोरून पाण्याचे जार घेऊन छोटा हत्ती आला की दोघांनी काचा खाली करून एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसा, मागे चाळीस गाड्या लागल्या तरी रिव्हर्स घ्यायचा नाही. मागच्या काचेवर 'माऊली' लिहिलेलं असलं की गल्ली आपल्या बापाची.

माऊलीवरून आठवलं. तिथे कोणाला दादा-काका-ताई म्हणायचं नाही, एकच शब्द पुरतो. ढकलायचं असेल तर 'सरका माऊली', पायावर पाय दिला तर 'दिसत नाही का माऊली', आणि प्रकरण हातघाईवर आलं की 'ए माऊली, तोंड सांभाळून बोल'. हे मी कानाने ऐकलंय, दर्शनमंडपात, दोघांच्याही कपाळाला बुक्का होता.

पेढ्याचं ताट घेतल्याशिवाय चपला ठेवू न देणाऱ्या दुकानदाराशी वाद घालू नका. तो रोज जिंकतो.

खोली बुक केली असेल तरी गेल्यावर भाव पुन्हा विचारा.

आता चंद्रभागा. देवाच्या आधी नदी, असा रिवाज आहे, आधी स्नान, मग पुंडलिक, मग विठोबा. तुम्ही स्नान करू नका, पाणी बघितलंत का, पण काहीतरी टाकल्याशिवाय परत फिरू नका. घरातलं वर्षभराचं निर्माल्य, फुटलेल्या तसबिरी, कोणाच्या तरी दहाव्याचे कपडे, सगळं डिकीत घालून आणा, नदीने अजून कशाला नाही म्हटलेलं नाही. 2016 मध्ये सरकारने 'नमामि चंद्रभागा' जाहीर केलं होतं, तेव्हा नदीची काळजी सरकार घेतंय, आपण आपल्या पिशवीची घ्यावी. पिशवी प्लास्टिकची हवी आणि गाठ मारलेली हवी, म्हणजे बुडत नाही, तरंगत लांब जाते, पुण्य पण लांब जात असणार. आमच्या शेजारी ट्रॅकसूटमधला एक बाबा अशीच गाठोडी पिशवी हातात धरून उभा होता आणि त्याची सहा-सात वर्षांची मुलगी त्याचा टी-शर्ट ओढत म्हणत होती, बाबा इथे नको ना, टीचरने सांगितलंय. त्याने काय सांगावं तिला? म्हणे, "देवाचं आहे बाळा ते, कचरा नाहीये." आणि टाकली. पिशवी दोन हात लांब जाऊन थर्माकोलच्या द्रोणांच्या घोळक्यात अडकली. पोरगी बघत होती. मग त्याने तिला हात जोडायला लावले. तिने जोडले. पुढच्या वेळी ती काही बोलणार नाही, तिला कळलं असेल की शाळेतलं शाळेत असतं.

असो. मुख्य विषयाकडे येते, ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं.

ओळख. पंढरपूरला जाताना कपडे, औषधं, पाण्याची बाटली हे सगळं राहिलं तरी चालेल, ओळख विसरू नका. आमदाराच्या पीएची, नगरसेवकाच्या मेव्हण्याची, पोलिसातल्या चुलतभावाची, अगदी कोणी नसेल तर ज्याची ओळख आहे अशा माणसाची ओळख. फोन आदल्या रात्रीच करायचा आणि सुरुवात 'साहेब, आईची फार इच्छा आहे' अशी करायची. आई नसेल तर सासू. मग सकाळी आरामात उठा, नाश्ता करा, भजी चांगली मिळतात, आणि बाजूच्या गेटवर जाऊन फोन कानाला लावून उभे राहा. बाकी सगळ्यांचे मोबाईल लॉकरला जमा केलेले असतात, तुमचा कानाला असला म्हणजे लोकांना आपोआप कळतं की हा माणूस कोणीतरी आहे.

दुपारी अडीचच्या सुमारास अशी आठ माणसं आमच्या पुढे आली. आम्ही तेव्हा अगदी शेवटच्या टप्प्यात, आईने कठड्याला कोपर टेकवलेलं, एक पाय उचलून धरलेला, करकोच्यासारखी उभी. आमच्या पुढे परभणीकडची एक आजी होती, पहाटे एसटीने उतरलेली, तिने आईला दशमी दिली होती शेंगदाण्याच्या चटणीबरोबर आणि दोघींचं गुडघ्यांवर छान जमलं होतं. तेवढ्यात दोरी उचलली गेली. पांढरा कडक शर्ट, फोनवर 'हो साहेब, हो हो, आतच आहे', मागे इस्त्रीची पैठणी, तिच्या मागे एक आजोबा, दोन बायका आणि वेफर्स खाणारी तीन पोरं. पोरांपैकी मोठा चांगला अठरा-एकोणीसचा, माझ्यापेक्षा हातभर उंच, केसांना जेल. पोटभर जेवून आलेली ताजी टवटवीत माणसं, घामाचा थेंब नाही. मी म्हटलं, अहो दादा, पाच तास झाले उभे आहोत आम्ही, हे वय बघा यांचं. तो अजिबात चिडला नाही हो. अगदी शांतपणे, समजावल्यासारखा म्हणाला, "मावशी, आमचं वरून सांगून आलंय. तुम्ही पण काढायची ना ओळख."

मावशी! माझं वय 43 आहे आणि तो पन्नाशीचा.

पण ते सोडा. मला त्या वाक्याचं राहूनराहून कौतुक वाटतंय. चोरी केली, वर ज्याच्या घरी केली त्यालाच सांगितलं की तुम्ही पण करायची ना. परभणीच्या आजीने गळ्यातल्या तुळशीच्या माळेला हात लावला आणि स्पष्ट आवाजात म्हणाली, "मुडदा बशिवला ह्यांचा," आणि लगेच, "पांडुरंग पांडुरंग." दिवसभरात एवढी एकच प्रार्थना मी मनापासून म्हटली.

आणि ही आठ माणसं कुठून आत आली ते पण लक्षात घ्या. त्या देवळाच्या महाद्वाराला नामदेवांची पायरी आहे, जाणाऱ्या-येणाऱ्या संतांची पायधूळ आपल्यावर पडावी म्हणून त्यांनी ती जागा मागून घेतली. समोर चोखोबांची समाधी आहे. मंगळवेढ्याला गावकूस बांधताना ढिगाऱ्याखाली गेले 1338 साली, जिवंतपणी देवळात येऊ दिलं नाही त्यांना, मेल्यावर नामदेवांनी त्यांच्या अस्थी आणून दारात समाधी बांधली. दारातच, आत नाही. दलितांना आत यायला 1947 साल उजाडलं, साने गुरुजी मे महिन्याच्या उन्हात पंढरपुरात दहा दिवस उपाशी बसले तेव्हा कुठे दार उघडलं. बडवे-उत्पात म्हणजे देवळाचे पिढीजात पुजारी, त्यांचे हक्क काढायला 1973 मध्ये कायदा केला, कोर्टकज्जे करत करत सुप्रीम कोर्टाचा निकाल यायला 2014 उजाडलं. म्हणजे देव आणि माणूस यांच्यामध्ये कोणी उभं राहू नये म्हणून लोकांनी सातशे वर्षं डोकं आपटलं. आणि ते सगळे बाजूला झाल्यावर मध्ये कोण येऊन उभं राहिलं, तर वेफर्सचं पाकीट घेऊन तुम्ही! बडवे निदान पिढीजात होते, तुम्ही नवीन लागलात कामाला.

आता मी काही धुतल्या तांदळाची आहे असं समजू नका. सकाळी बारीचं शेपूट बघितल्यावर, मोबाईल लॉकरला द्यायच्या आधी, नवऱ्याच्या एका मित्राला मी पण फोन लावला होता. दोनदा. त्याने उचलला नाही, शनिवार होता, झोपला असेल. त्याने उचलला असता तर मी हा लेख लिहिला नसता, भजी चांगली मिळतात एवढंच लिहिलं असतं. हे कबूल करून टाकते, म्हणजे कमेंटमध्ये कोणी विचारायला नको.

गाभाऱ्यात काय होतं ते तुम्हाला माहितीच आहे. दोन सेकंद. कोणीतरी डोकं खाली दाबतं, कोणीतरी दंडाला धरून उचलतं, 'चला चला चला'. 2024 मध्ये अडीच महिने जवळपास पदस्पर्श बंद ठेवून गाभाऱ्याचं काम केलं, भिंतींवरची चांदी काढली, आतला मूळ दगड दिसतो आता, असं ऐकलं होतं. मी तो दगड बघायचा ठरवून गेले होते आणि मला दिसली ती पैठणीची पाठ. आमच्या पुढचे ते आठजण तिथे पण निवांत, पोरांना एकेक करून पुढे काढत होते, जेलवाल्याला दोनदा डोकं ठेवायला लावलं कारण पहिल्यांदा नीट टेकलं नाही म्हणे. बारावीचं वर्ष असेल. एवढ्या डोक्यांनी पायांची झीज होते म्हणून त्या मूर्तीला वज्रलेप करावा लागतो आणि हा दोनदा. त्यांचा जेवढा वेळ गेला तेवढा मागच्यांचा कापला. आई वाकली, गुडघा न वाकवता कमरेतून वाकते ती, वेळ लागतो, डोकं टेकतंय न टेकतंय तोवर दंड धरला गेला. बाहेर आल्यावर मी विचारलं, टेकलं का गं? म्हणाली, "टेकल्यासारखं झालं."

टेकल्यासारखं.

सव्वापाच तास उभी राहिली बाई त्यासाठी.

आता टिपाबिपा राहू द्या. सरळ विचारते. लाज कशी वाटत नाही तुम्हाला? तुमच्या मागे जी माणसं उभी होती त्यांच्यातल्या कोणाची आई आजारी नव्हती, कोणाला परतीची एसटी पकडायची नव्हती, कोणाच्या लेकराला शी-शू लागली नव्हती? आषाढी-कार्तिकीला बारीत माणसं वीस-वीस तास असतात म्हणून देवाचा पलंग काढून ठेवतात, देव रात्रंदिवस उभा, पाठीला फक्त लोड. देव उभा राहतो आणि तुमचा एकोणीस वर्षांचा घोडा उभा राहू शकत नाही? कशाला आणता मग? घरात फोटो आहे ना, तिथे डोकं ठेवा, दहा वेळा ठेवा. आणि ते 'वयस्कर आहेत हो बरोबर' सांगू नका मला. आजोबा एक होते, बाकी सात धडधाकट होते. आजोबांना पाठवा पुढे, त्यांना कोण अडवतंय, परभणीच्या आजीने स्वतः हात धरून पुढे नेलं असतं त्यांना. तुम्ही सगळे का शिरता मागोमाग? आणि त्या फोनवरच्या साहेबाला मत मागायला येऊ दे आमच्या सोसायटीत, त्याला पण दोरीच्या मागे सव्वापाच तास उभा करते. नदीत पिशवी टाकणाऱ्या बाबा, तू पण ऐक. ती तुझी पोरगी तुझ्यापेक्षा शहाणी होती, तिला तू त्या पाण्यात घातलंस.

आईची चप्पल गेली ते वेगळंच. एकच गेली, डाव्या पायाची. सहा नंबर, चॉकलेटी, अंगठ्याची. उजवी होती तशी होती. एक चप्पल नेऊन कोणाला काय मिळालं मला कळत नाही, पण त्या दिवशी मला बरंच काही कळलं नाही. रिक्षापर्यंत एका पायात माझी चप्पल घालून गेली ती.

आणि परत जाणार म्हणते. टेकलं नाही ना नीट, म्हणून. माघात जायचं म्हणतेय.

तेव्हा माघात तुम्ही पण असाल तर एक करा. बारीचं शेपूट कुठे आहे ते तिथे कोणालाही विचारलं तरी सांगतात, हात करून दाखवतात. तिथपर्यंत चालत जा, आणि शेवटचा माणूस असेल त्याच्या मागे उभे राहा. मागे. आठजण असाल तर आठही जण.