तळ्यात-मळ्यात खेळणारे देश : एका कमेंटला उत्तर

सर, तुमची कमेंट लांब होती त्यामुळे उत्तरही लांबतंय, चालवून घ्या. मागच्या पोस्टमध्ये मी आसियानचं, म्हणजे आग्नेय आशियातल्या देशांच्या संघटनेचं, कौतुक केलं ते तुम्हाला पटलं नाही. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की ही दहा देशांची तळ्यात-मळ्यात खेळणारी मंडळी आहे, चीनला घाबरतात, अमेरिकेला गोंजारतात, भारताला नुसत्या पदव्या देतात, त्यापेक्षा सरळ एक बाजू धरावी. आणि आपण आरसेपमधून, म्हणजे आसियान, चीन, जपान वगैरेंच्या मोठ्या व्यापार करारातून, बाहेर पडलो ते बरंच झालं.

पदव्यांचं आधी घेतो, कारण तिथे तुम्ही मला बरोबर पकडलंत. २०२२ मध्ये भारत आसियानचा 'सर्वंकष धोरणात्मक भागीदार' झाला हे मी केवढं तरी यश असल्यासारखं लिहिलं, पण त्याच नोव्हेंबरात, त्याच नॉम पेन्हमध्ये (कंबोडियाची राजधानी) अमेरिकेलाही तोच दर्जा मिळाला, मग जपानला, मग दक्षिण कोरियाला. लग्नातला मानपानच हा, सगळ्या व्याह्यांना सारखा आहेर, कोणी रुसायला नको! फक्त तुम्हाला त्यात दुबळेपणा दिसतो आणि मला हिशोब. २०२१ चं बघा ना, सप्टेंबरात ऑकस (ऑस्ट्रेलिया, ब्रिटन, अमेरिका यांचा संरक्षण करार) जाहीर झालं, इंडोनेशिया-मलेशियाने नाराजी दाखवली, आणि पुढच्या दोन-अडीच महिन्यांत ऑस्ट्रेलियालाही हा दर्जा दिला आणि चीनलाही. तुम्ही कोणाच्या गोटात, हे विचारायची सोयच ठेवली नाही.

आता 'एक बाजू धरा'. कोणती धरायची? फिलिपिन्सचा अमेरिकेशी १९५१ पासून संरक्षण करार आहे, २०१६ मध्ये दक्षिण चीन समुद्राच्या वादात चीनविरुद्ध हेगच्या लवादाचा निकाल त्यांच्या बाजूने लागला, तो राष्ट्राध्यक्ष दुतेर्तेंनी बाजूला ठेवून बीजिंगशी जुळवून घेतलं, मग त्यांच्या जागी मार्कोस आले आणि २०२३ मध्ये अमेरिकन सैन्याला आणखी चार तळ खुले केले, वर दुतेर्तेंच्याच काळात करार झालेली ब्रह्मोस क्षेपणास्त्रं आपल्याकडून घेतली. एकाच देशाची ही गत. आणि दुसऱ्या टोकाला कंबोडिया, ज्याचा रीम नौदल तळ चीनने बांधून दिला. हे दोघं एका ठरावावर सही करतील? २०१२ मध्ये कंबोडिया आसियानचा अध्यक्ष असताना दक्षिण चीन समुद्राच्या एका परिच्छेदावरून ४५ वर्षांत पहिल्यांदा परराष्ट्रमंत्र्यांचं संयुक्त निवेदन निघालं नाही. तिथे सगळं एकमताने चालतं, त्यामुळे बाजू धरायला गेले तर आसियान त्याच दिवशी फुटेल, आणि मग एकेकट्या लाओसला किंवा ब्रुनेईला कोण विचारतंय.

पण एकेकटे पळतातच, हे तुम्ही लिहिलं नाहीत, मीच लिहितो. एप्रिल २०२५ मध्ये ट्रम्पनी कंबोडियाला ४९ टक्के आणि व्हिएतनामला ४६ टक्के टॅरिफ लावला तेव्हा एकत्र बोलू, प्रत्युत्तर नको असं ठरलं आणि प्रत्येकजण आपापली फाइल घेऊन वॉशिंग्टनला. व्हिएतनाम २० वर आला, इंडोनेशिया, मलेशिया, थायलंड, फिलिपिन्स, कंबोडिया १९ वर. इतके जवळजवळ आकडे एकत्र बसूनही मिळाले असते की काय कोण जाणे. घरातलं तर विचारूच नका. म्यानमारमधल्या लष्करी उठावानंतर २०२१ मध्ये शांततेसाठी पाच कलमं ठरवली ती कागदावरच आहेत, आणि थायलंड-कंबोडिया २०२५ मध्ये जुलैत लढले, मलेशियात पुत्रजयामध्ये युद्धविराम झाला, डिसेंबरात परत सुरू. बाहेरचे पाहुणे सांभाळण्यात पटाईत, भाऊबंदकी आवरत नाही. आपल्याला हे नवीन नाही म्हणा.

आरसेपचं मात्र पटत नाही. न्यूझीलंडच्या दुधाची आपल्या दूध उत्पादकांना वाटणारी भीती मी खोटी म्हणत नाही, चिनी मालाचीही नाही. पण २०१९ मध्ये आपण बँकॉकमधून उठून आलो, वर्षभरात बाकीच्या १५ जणांनी सह्या केल्या, आणि आता आपण जुना २००९ चा आसियान-भारत माल करार दुरुस्त करून द्या म्हणून मागे लागलोय. पंगतीतून उठायचं आणि वाढप्याने आधी आपल्याकडे यावं म्हणायचं, असं कसं चालेल?

आणि हो, दहा नाही, ऑक्टोबर २०२५ पासून अकरा देश आहेत. तिमोर-लेस्तेने अर्ज केला होता २०११ मध्ये, १४ वर्षं दारात उभा. यांच्या वेगावर पुढच्या कमेंटमध्ये टोमणा मारायचा असेल तर हा घ्या, माझ्याकडून.