सहा इंची पंखा आणि दाराखालची फट

कोंदट खोलीची गंमत अशी, की आत बसलेल्याला तिचा वास येत नाही. तो बाहेरून आलेल्याला येतो आणि त्याच्या चेहऱ्यावर आपल्याला दिसतो. मग आपण स्वतःच्या हातांनी एक्झॉस्ट फॅन बसवायचं मनावर घेतो. पुढे जे होतं, त्याला वायुवीजन म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

पहिला बळी खिडकीच्या चौकटीत बसवायच्या प्लायवूडचा. खोक्यावर '१५० मिमी' छापलेलं असतं, ते पात्यांच्या व्यासाचं माप, सांगाड्याचं नव्हे. तेवढंच भोक पाडलं की पंखा आत जात नाही. मग कानस घेऊन भोक कुरतडायचं, आणि ते इतकं कुरतडलं जातं की पंखा आरपार पलीकडे. त्यापेक्षा सांगाडाच प्लायवर ठेवून पेन्सिल फिरवा. चौकटीचं माप वर, मध्ये, खाली असं तीनदा घ्या. खिडकी काटकोनात असते ही अफवा आहे. कडेने फोम टेप लावा. फट राहिली तर आत्ताच हाकललेली हवा पंखा तिथूनच परत ओढतो आणि दिवसभर तिलाच प्रदक्षिणा घालायला लावतो.

पण खरी मेख पुढेच आहे. पंखा हवा घालवतो, आणत नाही. जाईल तेवढी कुठून तरी आत यायला नको? आपण मात्र धूळ नको म्हणून खिडक्या लावतो, दाराखाली पायपुसणं कोंबतो, आणि पंखा बिचारा नुसता घरघरत बसतो. हिशेब सोपा आहे: १५० मिमी व्यासाचं भोक म्हणजे सुमारे १७७ चौरस सेंमी. ७५ सेंमी रुंद दाराखाली १ सेंमीची फट म्हणजे जेमतेम ७५. एक मीटर उंचीची खिडकी २ सेंमी सरकवली की २०० झाले. ती समोरच्या भिंतीतली हवी. पंख्याशेजारची उघडलीत तर हवा उंबऱ्यावरूनच माघारी फिरते, पलंगाकडे बघतही नाही. टिश्यू पेपरची पट्टी फटीशी धरा. आत झुकली तर जिंकलात.

इथे मात्र थट्टा नको. घरात गॅस गिझर असेल तर बंद घरातला जोरकस पंखा त्याचा धूर उलटा आत ओढू शकतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूचा वास तर बाहेरून आलेल्यालाही येत नाही.

डक्ट, म्हणजे पंख्याची हवा बाहेर नेणारा पाइप, लावलाच तर पूर्ण ताणून, कमीत कमी वळणांचा आणि बाहेरच्या अंगाला उतार देऊन. सुरकुतलेला डक्ट निम्मी हवा वाटेतच अडवू शकतो.

फिल्टर लावून हे सगळं टळेल असं वाटत असेल, तर तो धूळ पकडतो, आपण श्वासातून सोडलेला कार्बन डायऑक्साइड नाही. तो वायू मोजायला मीटर घ्या. बाहेरच्या हवेत तो वायू ४२०–४३० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग) आसपास असतो. खोलीत १००० च्या आत राहिला तर बरं. फक्त मीटर तोंडाजवळ धरून वाचू नका. आपल्याच श्वासाने आकडा हजारांवर उडतो, आणि माणूस घाबरून दुसरा प्लाय कापायला बसतो.